व्याह्यांचा क्लब

मुलगी विमानतळावरूनच फोनवर म्हणाली, "आई, माझ्या सासऱ्यांना काहीही विचार, फक्त त्यांच्या फुटबॉल क्लबबद्दल विचारू नकोस." आता मला एखादी गोष्ट विचारू नकोस म्हटलं की ती विचारल्याशिवाय घास उतरत नाही. माझा हा स्वभाव तिला जन्मापासून ठाऊक आहे, तेव्हा पुढे जे झालं त्यात दोष तिचाच.

व्याही डेन्मार्कच्या एका लहानशा गावातले. विहीणबाई काही वर्षांपूर्वी गेल्या. जावयाला रजा मिळाली नाही, म्हणून मुलगीच सासऱ्यांना घेऊन थंडीत आमच्याकडे रेवदंड्याला आली. माणूस एवढा उंच, की आल्या आल्या पडवीच्या वाशाला डोकं आपटलं आणि वाशाचीच माफी मागितली. त्यांच्याकडे लहान-थोर सगळ्यांना नावानंच हाक मारतात. तसं इथे करून चालणार नव्हतं. शेजारणींना महिनाभर पुरेल एवढा विषय मिळाला असता. मुलीनं त्यांना 'विहीणबाई' शिकवलं. त्यांच्या तोंडून ते 'विनबाय' असं निघायचं, पण इतक्या अदबीनं की मी कधी दुरुस्त केलं नाही.

दुसऱ्याच दिवशी मी शहाळं त्यांच्या हातात दिलं आणि क्लबचं विचारलं. मुलगी माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू मी शहाळ्याबरोबर कोयताही दिलाय. व्याह्यांनी मात्र शहाळं बाजूला ठेवलं आणि बोलायला सुरुवात केली. मुलगी आधी फुरंगटून, मग नाइलाजानं, आणि शेवटी रंगून मराठीत सांगत गेली.

भानगड अशी होती. गावात पोरं उरली नव्हती. अकरा जमवायला शेजारच्या गावातून उसनी आणावी लागत. म्हणून यांचा क्लब आणि खाडीपलीकडच्या गावाचा क्लब एक करायचा घाट घातला होता. एक झाले की यांच्या क्लबचं नाव जाणार, आणि दोनपैकी एक मैदानही जाणार. त्याची सभा नेमकी येत्या रविवारी होती. व्याही क्लबातले सगळ्यांत जुने सभासद. ते 'हो' म्हणाले तर बाकीचे म्हणणार, 'नाही' म्हणाले तर सगळं अडणार. गावकरी रस्त्यात गाठून विचारायला लागले, तेव्हा हे उठून आमच्याकडे आले. पण फोन काही कुणाचा पाठलाग सोडत नाही. सभेला फोनवरून हजर राहायचं ठरलंच होतं.

"मग काय म्हणणार तुम्ही?" मी विचारलं.

"ठाऊक नाही," ते म्हणाले, आणि शहाळं उचललं.

त्यानंतर रोज दुपारी मी पडवीत सुपाऱ्या सोलायला बसले की ते झोपाळ्यावर बसत आणि क्लबचा इतिहास पुढे चालू होई. फुटबॉल म्हटलं की आमचे हे वाडीत पाणी सोडायला निघून जात, त्यामुळे श्रोता मी एकटीच. मला फुटबॉल शष्प कळत नाही. आमच्या पट्ट्यात खेळ म्हणजे कबड्डी, आणि शाळेत असताना मीही चढाई करून भल्याभल्या पोरींना लोळवलेलं आहे. पण ऐकता ऐकता कळलं, की क्लबच्या इतिहासात फुटबॉल तसा थोडाच असतो.

सुरुवात केली ती दूध डेअरीतल्या कामगार पोरांनी. त्यांत व्याह्यांचे आजोबा होते. एका शेतकऱ्यानं गायींचं कुरण दिलं, पण गायी हलवायला तो तयार नव्हता. खेळायच्या आधी पोरांनी शेण उचलायचं, असा करार. गोलाचे खांब लाकडाचे. लढाईच्या दिवसांत जळण मिळेना, तेव्हा एका कडक थंडीत एक खांब नाहीसा झाला. तो कुणाच्या चुलीत गेला हे अख्ख्या गावाला माहीत होतं, कुणीही बोललं नाही. पुढे त्याच माणसाच्या नातवाला क्लबनं गोलकीपर केलं, म्हणजे घराण्याकडून खांबांची राखण करून घेतली. हे सांगताना व्याही असे हसले की झोपाळ्याच्या कड्या वाजायला लागल्या.

मग क्लबचं घर बांधलं, तेही गावानंच. दिवसा आपापली कामं, संध्याकाळी विटा. मॅच झाली की दोन्हीकडचे खेळाडू त्या घरात एकत्र बसून बियर पितात. त्याला ते 'तिसरा हाफ' म्हणतात. हाफ तीन कसे होतील, असं मी विचारलं, तर म्हणाले, "म्हणून तर तो सगळ्यांत महत्त्वाचा." क्लब एकदाच वरच्या गटात चढला आणि पुढच्याच वर्षी खाली आला. त्या एका वर्षाबद्दल मात्र ते दोन दुपारी बोलत होते.

खाडीपलीकडचे म्हणजे जन्माचे वैरी. मुलगी आधी मधल्या पाण्याला फियोर्ड फियोर्ड म्हणत होती, पण नकाशा बघितल्यावर मी म्हटलं, खाडीच की ही. आपल्याकडेही पलीकडच्या काठावरच्या लोकांचं कुठे कधी कौतुक होतं? तिथल्या एका खेळाडूनं लाथ घालून व्याह्यांचा उजवा गुडघा कायमचा नादुरुस्त केला. तो माणूस अजून आहे. दुकानात भेटला तर मान हलवतो. हेही हलवतात. तोंडातून शब्द नाही, आणि दोघांची डोकी पार पांढरी झाली.

एका दुपारी ते जर्सींबद्दल बोलले. खेळाडूंच्या जर्सी आळीपाळीनं एकेका घरी धुवायला जात. पण पाठीवरचे आकडे शिवायचं काम वर्षानुवर्षं विहीणबाईंचंच होतं. शेवटच्या आजारपणातही त्यांनी उशीला टेकून सहाचा आकडा शिवला, आणि तो उलटा लागून नऊ झाला. नवा क्लब झाला की नवा रंग, नव्या जर्सी. मुलीला पुढचं सांगता येईना, आणि मला सुपारी दिसेना. या माणसानं 'नाही'च म्हणावं, असं त्या दिवशी मला मनापासून वाटलं.

पण मग आमच्या आळीचा कबड्डीचा संघ आठवला. केवढा नावाजलेला! तो कधी बंद पडला, हे आज कुणालाच सांगता येत नाही. सभा नाही, भांडण नाही. पोरं नोकरीला गेली, आणि एके दिवशी संघाच्या बनियनीनं मी स्वतः पंखा पुसत होते. मी हे व्याह्यांना सांगितलं. मग त्यांनी एवढंच विचारलं, "पंखा स्वच्छ झाला?" मी म्हटलं, "झाला."

शनिवारी संध्याकाळी ओहोटी होती. वाळू टणक झालेली, एका बाजूला बांबूच्या वलांड्यांवर बोंबील वाळत होते, आणि कोळीवाड्यातली पोरंपोरी फुटबॉल खेळत होती. आम्ही तिघं फिरायला गेलो होतो. बॉल घरंगळत आला आणि व्याह्यांनी तो दुखऱ्या पायानं असा अलगद थांबवला की सगळी पोरं बघतच राहिली. मग एकच ओरडा झाला, "टाक! टाक! आजोबा, टाक!"

व्याह्यांचा चेहरा उजळला. त्यांनी छातीवर हात ठेवला, कमरेत वाकले आणि म्हणाले, "टाक! टाक!" बॉल तसाच पायाखाली. पोरं अजून जोरात ओरडली. हे पुन्हा वाकले.

बोंबील काढणारी एक कोळीण कमरेवर हात ठेवून ओरडली, "अवो आजोबा, टाका की! त्यो काय तुमचा एकल्याचा हाय?"

मुलगी वाळूत खालीच बसली होती. हसून हसून तिला बोलता येईना. त्यांच्या भाषेत 'टाक' म्हणजे 'आभारी आहे'. पोरं आपले आभार मानतायत, असं त्यांना वाटत होतं. आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आठवडाभर मी पानात भाकरी वाढली की ते 'टाक' म्हणत होते, आणि मी आणखी एक टाकत होते! ते पुन्हा 'टाक' म्हणायचे, मी पुन्हा टाकायची. भाषा येत नाही म्हणून अरे-तुरे करतायत बिचारे, असं म्हणून मी सोडून दिलं होतं. मुलीला वाटलं, आई नेहमीसारखा आग्रह करतेय. आणि पानातलं टाकणं अपमानाचं म्हणून तो सज्जन माणूस मुकाट्यानं सगळं संपवत होता.

मुलीनं सगळं उलगडून सांगितलं. कोळीण काय म्हणाली, तेही. व्याही हसले, पोटाला हात लावून माझ्याकडे बघून हसले. मग थांबले. बॉलकडे बघत थोडा वेळ उभे राहिले, आणि तो पोरांकडे दिला.

परतताना त्यांनी मला विचारलं, या शब्दाचा अर्थ तेवढाच का? मुलीनं माझ्याकडे पाहिलं. टाकलेली बाई, टाकलेलं घर, हे आम्हा दोघींनाही त्याच क्षणी आठवलं होतं. मी म्हटलं, "सांग त्यांना, आमटीत मीठ टाकतात. जमिनीत बी टाकतात." यात खोटं एक अक्षर नव्हतं.

रविवारी दुपारी, म्हणजे त्यांच्याकडे सकाळी, सभा सुरू झाली. फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला होता. व्याह्यांनी वर इस्त्रीचा सदरा आणि खाली अर्धी चड्डी घातली होती. मी तिथे बसायचं काही कारण नव्हतं, म्हणून वालाचं बिरडं सोलायला घेतलं. फोनमध्ये क्लबचं घर दिसत होतं, लोक कॉफी पीत होते, आणि एका बाजूला खाडीपलीकडचे पाहुणे बसले होते. त्यांतला पांढऱ्या केसांचा, रुंद खांद्यांचा म्हातारा मुलीनं बोटानं दाखवला. गुडघेवाला.

व्याह्यांना बोलायला सांगितलं. ते फार बोलले नाहीत. मुलगी माझ्या कानात सांगत होती. क्लब एक करा. नाव नवं घ्या. मैदान त्यांचं ठेवा, आपल्या मैदानात गोलामागे पाणी साचतं, हे आपण पिढ्यान् पिढ्या कबूल केलेलं नाही. तिकडे एक बाई रडायला लागली. व्याह्यांचा आवाज मात्र कापला नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि फोनमध्ये म्हणाले, "टाक."

तिकडच्या लोकांना वाटलं, आभार मानले. मला ऐकू आलं ते मला आलं. माझ्या हातातला वाल सालासकट बिरड्यात पडला.

मग तो गुडघेवाला म्हातारा खुर्चीतून उठला, फोनच्या अगदी जवळ आला, आणि घोगऱ्या आवाजात दोन शब्द बोलला. त्यातलाही एक 'टाक'च होता.

"काय म्हणाला?" मी मुलीला विचारलं.

"काही नाही गं, आभाराला उत्तर देतात तसं. 'तूसुद्धा' असं."

"म्हणजे 'तूसुद्धा टाक'!" मी जरा मोठ्यानंच म्हणाले. मुलीनं ते व्याह्यांना सांगितलं. ते दोन्ही हातांनी डोळे पुसत हसायला लागले, आणि मग फोनवर वाकून, त्या माणसाला नावानं हाक मारून, आमच्या किनाऱ्यावर 'टाक' म्हणजे काय ते समजावून सांगू लागले.