तनुजाचा ऑनलाइन निबंध

शिवकांताबाई पार थकून गेल्या होत्या. चोवीस वर्षं मराठी शिकवून माणूस थकतं का? शिकवून नाही थकत हो, बाकीच्या भानगडींनी थकतं. रोज सकाळी अहमदपूरहून एसटी धरायची, कंधारच्या अलीकडं फाट्यावर उतरायचं, तिथून पायी शाळा गाठायची. मग खिचडीची नोंद, मतदार यादी, कसलं कसलं सर्वेक्षण. यातून वेळ उरला तर कविता!

एक हट्ट मात्र त्यांनी सोडला नव्हता. निबंध पोरांनी आपल्या शब्दांत लिहायचा, गाईडातला चालायचा नाही, अन् बाई प्रत्येक वही शेवटच्या ओळीपर्यंत वाचणार. या हट्टापायीच सातवीतली तनुजा लिहिती झाली होती. पाचवीत पोरगी तीन ओळींत आटपून खाली मान घालून बसायची. दोन वर्षं बाई तिच्या मागं लागल्या. "घरी जे बोलतीस तेच लिही की गं." आता ती पानभर लिहायची. बाईंना दुसरं बक्षीस नकोच होतं.

अन् मग शिक्षण खात्याचं ते ॲप आलं. सातवीच्या एकतीस पोरांनी 'दिवाळीची सुट्टी' यावर निबंध टाईप करून शनिवारपर्यंत ॲपवर चढवायचा, नाहीतर बाईंनी लेखी खुलासा द्यायचा. शाळेत टॅब चार, चालू दोन. पोरं एका बोटानं अक्षरं हुडकायची अन् ओळ पुरी होईस्तोवर रेंज गायब. शुक्रवारपर्यंत कसेबसे वीस झाले. उरलेले बाईंनी वह्यांतून स्वतः टाईप करायला घेतले. चार झाले अन् मान आखडली.

"मॅडम, कशाला जीव काढून राहिल्या?" गणिताचे विनोद सर म्हणाले. "फोनमधल्या या एआयला विषय सांगा. मिनिटात निबंध हजर."

"अन् पोरांनी लिहिलेलं?"

"वर कोण वाचून राहिलंय?"

बाईंनी हात टेकले. सात निबंध एआयकडून घेतले, सात नावांवर चढवून दिले. त्या सात वह्या उघडल्यासुद्धा नाहीत. त्यात तनुजाची वही होती.

आता गंमत बघा, नेमकं वर कुणीतरी वाचलं! तालुक्यातून पाच निबंध निवडले, त्यात तनुजाचं नाव. कंधारला कार्यक्रम, गटशिक्षणाधिकारी साहेब हजर, मोठ्या पडद्यावर निबंध, अन् पोरीनं तो माईकवर वाचायचा. सांगून टाकावं का, साहेब, हा तिचा नाही म्हणून? पण नोकरीची अजून आठ वर्षं बाकी होती. त्या पोरीला घेऊन कंधारला गेल्या.

तनुजा पडद्याकडं बघून वाचू लागली. 'सुट्टीत मी कोकणात मामाच्या गावी गेले. अथांग समुद्र पाहून माझे मन हरखून गेले.' कुठंही अडखळली नाही.

साहेब खूश झाले. "समुद्र कसा वाटला गं, बाळ?"

पोरीनं बाईंकडं पाहिलं. मग हळूच म्हणाली, "लई मोठा हाय, सर."

टाळ्या पडल्या. बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. बारा वर्षांची पोर आपल्यासाठी खोटं बोलली होती, अन् आपण टाळ्या वाजवत होतो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आधी तिची वही काढली. 'दिवाळीत आम्ही कापूस येचला. बोंडं टोचून आईची बोटं फुटली. मग चकल्या मी पाडल्या. एकबी गोल झाली नाही. बाबा म्हणले, ही चकली हाय का फाट्यावरचा रस्ता? सगळे हसले, आई पण हसली.' बाईंचे डोळे भरून आले. लाल पेननं खाली 'फार सुंदर' लिहिलं अन् पोरीला बोलावून घेतलं.

"माझं चुकलं गं तनुजा. मी तुझं वाचलंच नव्हतं."

"हाव, बाई," म्हणून ती जागेवर जाऊन बसली.

पुढच्या आठवड्यात 'माझा शेजारी' हा विषय दिला. तनुजानं वही आणून ठेवली. वर तारीख, खाली विषय, पुढं काहीच नाही.

"हे काय? लिहिलं का नाहीस?"

पोरीच्या चेहऱ्यावर राग नव्हता, रुसवा नव्हता. उलट बाईंचा त्रास वाचावा अशा सुरात ती म्हणाली, "तुमीच फोनमधून टाका, बाई. माझ्यानं तसलं चांगलं होत न्हाई."