तीस दिवसांनी आपोआप बंद

अमेरिकेतल्या अर्विंगला आम्हा मराठी मंडळींच्या संक्रांतीच्या जेवणात एकदा मसालेभात करपला. लगेच चौकशी बसली. सगळ्या काका-काकूंसमोर विचारणा झाली, "गॅसपाशी कोण होतं?" सातव्या मिनिटाला मी गुन्हा कबूल करून मोकळा झालो. चौकशी करणारे गृहस्थ ऑफिसात माझे मॅनेजर होते. त्यांना जबाबदार माणूस शोधता येत नाही, असं कुणी म्हणू नये.

आमची कंपनी लढाई चालू असलेल्या मुलखांत भाडोत्री बंदूकधारी पुरवायची. हा शब्द ऑफिसात चालत नसे; आम्ही 'सुरक्षा सेवा' देत होतो, आणि मी तर नुसता सॉफ्टवेअरवाला. तक्रारी नोंदवायची सिस्टिम मी बांधली होती. तीस दिवसांत तक्रारीवर कुणीच काही केलं नाही, तर ती आपोआप बंद व्हायची आणि तक्रारदाराला मेल जायची: 'आपली अडचण सोडवण्यात आली आहे. आपण किती समाधानी आहात?' ही युक्ती माझीच. आमच्या लायनीतल्या लोकांना उघडं तिकीट, म्हणजे न मिटलेली तक्रार, बघवत नाही; शुक्रवारी तक्रारींचा बोर्ड हिरवा दिसल्याशिवाय चहा गोड लागत नाही. त्या युक्तीबद्दल माझा टाळ्यांच्या गजरात सत्कार झाला होता.

एकदा बोर्डावर चौथ्यांदा येऊन बंद झालेली एक तक्रार दिसली. लिहिणारे तिकडचे एक म्हातारे शाळामास्तर. त्यांचा मुलगा, दोन लेकरांचा बाप, पाव आणायला गेला आणि आमच्या गाड्यांच्या ताफ्यातून सुटलेल्या गोळीने मेला. मास्तरांना भरपाई नको होती. 'गोळी कुणी झाडली, एवढंच कळवा.' बस्स.

मी तक्रारीचा प्रवास वाचला. कंपनी म्हणाली, तो माणूस पोटठेकेदाराचा. पोटठेकेदार म्हणाला, आम्ही माणूस फक्त पाठवतो, हुकूम लष्कराचा. लष्कर म्हणालं, तो आमचा सैनिकच नाही. तिकडचं सरकार म्हणालं, करारामुळे त्याला आमचा कायदा लागत नाही. सगळ्यांची भाषा मात्र अत्यंत नम्र. मग तीस दिवस, आणि 'आपण किती समाधानी आहात?' मास्तरांनी तो फॉर्म दरवेळी प्रामाणिकपणे भरला होता. पाचपैकी एक तारा, आणि खाली तोच प्रश्न.

मला माझीच लाज वाटली. मी तिकीट पुन्हा उघडलं आणि त्या दिवशी ताफ्यात कोण कोण होतं, याची यादी थेट वरच्या साहेबांकडे मागितली. पुन्हा उघडताना 'जबाबदार व्यक्ती' हा रकाना रिकामा ठेवता येत नव्हता. तो नियमही माझाच. तिथे मी माझं नाव टाकलं.

दहा मिनिटांत मॅनेजर टेबलापाशी हजर.

"यार, हे तू रीओपन केलंस?"

"हो."

"अप्रूव्ह कोणी केलं?"

"कोणीच नाही. त्यांना फक्त एक नाव हवंय."

"अरे, आपण कंपनी आहोत, कोर्ट नाही! बोर्ड रेड झालाय, वर काय एक्स्प्लेन करू मी?"

मग जी चौकशी झाली, तिला तोड नाही. कोणत्या कॉम्प्युटरवरून, किती वाजून किती सेकंदांनी, सगळं निघालं. माझा जबाब दोनदा घेतला. चार महिन्यांत गोळी झाडणारा सापडला नव्हता. बटण दाबणारा जेवणाच्या सुट्टीआधी सापडला. संध्याकाळी माझी नोकरी गेली.

पुढच्या शनिवारी मंडळींच्या जेवणात मॅनेजर माझ्या शेजारी येऊन बसले. जरा खुशीत होते. माझ्या हकालपट्टीची नोंद त्याच तिकिटावर करून त्यांनी ते बंद केलं होतं: 'जबाबदार व्यक्ती निश्चित झाली. कारवाई पूर्ण.' ती व्यक्ती म्हणजे मी. पण ती नोंद मेलमधून नेहमीप्रमाणे आपोआप मास्तरांना गेली होती.

"अरे, त्यांचा फॉर्म आला," मॅनेजर म्हणाले. "फाइव्ह स्टार्स, यार! फर्स्ट टाइम!"

त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. मास्तरांनी लिहिलं होतं: 'तुमचे आभार. आता नातवंडांना सांगता येईल, की त्यांच्या बापाला मारणारा सापडला.'