महिपतचा काळा कोट

घंटा मी वाजवली. हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

मीरा रोडच्या अगदी मधोमध, पूर्वी जिथे फर्निचरचं दुकान होतं, तिथे आता एक झकपक पब-रेस्टॉरंट निघालंय. तपकिरी लाकूड, मंद पिवळे दिवे, भिंतीवर धुक्यातल्या लंडनचे फोटो. बाहेर शेअर रिक्षावाला ‘हाटकेश, हाटकेश’ ओरडत असतो. दार लागलं की आत विलायत. आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला चिरंजीवांनी, म्हणजे उदयने, तिथे टेबल सांगून ठेवलं. ‘बाबा, आयुष्यात एकदा तरी घड्याळाकडे न बघता जेवा,’ म्हणाला.

बसलो. पाणी काही येईना. माझ्या उजव्या हाताला, काउंटरच्या टोकाशी, पितळेची एक घंटा टांगलेली होती आणि तिला जाड सुती दोरी. माझा उभा जन्म सरकारी कचेरीत गेला. तिथे घंटा वाजवली की शिपाई येतो. म्हणजे येत नाही, पण यायला हवा होता हे सर्वांना कळतं. मी दोरी ओढली.

सबंध पब उभा राहिला. पोरापोरींनी ग्लास उंचावून आरोळी ठोकली. मला वाटलं, उदयने वाढदिवसाचं सांगून ठेवलंय. मी उठून चारी दिशांना नमस्कार केला. तेवढ्यात मॅनेजर हसत आला. कौस्तुभ त्याचं नाव. वय कोवळं, टाय घट्ट. ‘थँक यू सर. आता सगळ्यांना तुमच्याकडून एकेक ड्रिंक.’ त्याने घंटेखालची पाटी दाखवली. जो घंटा वाजवेल त्याने पबमधल्या प्रत्येकाला पाजायची, ही म्हणे तिकडची रीत. पाटी मी पाहिली होती, पण ती मला घंटा बनवणाऱ्या कारखान्याची वाटली होती.

उर्मिलाने, माझ्या बायकोने, पर्स पोटाशी धरली आणि माझ्याकडे असं पाहिलं की लग्नाची सगळी वर्षं त्या नजरेत मावली.

तेव्हा महिपत आला. पन्नाशीचा, ठेंगणा, सावळा. अंगात काळा कोट, त्याला एकही सुरकुती नाही. छातीवर बिल्ला: ‘मॅक’.

‘सर, बेल मेरे हाथ से बजी,’ तो मॅनेजरला म्हणाला. ‘पीतल पोंछ रहा था, कपड़ा अटक गया.’

कौस्तुभने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मी, लाज वाटते सांगायला, छताकडे पाहिलं. मग कौस्तुभने चूक झाल्याचं जाहीर केलं. पोरांनी ‘हूऽऽ’ करून जी हुर्यो उडवली, ती महिपतच्या वाट्याला गेली.

‘आता सूप प्या शांतपणे,’ तो खाली वाकून म्हणाला. ‘आणि परत कशाची दोरी दिसली तर तिला हात लावू नका. बाई, यांच्याकडं लक्ष असू द्या.’

‘गेली कित्येक वर्षं तेच करतेय,’ उर्मिला म्हणाली.

जेवणाचं काय सांगू? मासा आला तो पुठ्ठ्याची बंडी घालून आल्यासारखा. बटाट्याच्या फोडी गार. गाणं इतकं मोठं की उर्मिलाने ‘मीठ’ म्हटलेलं मी ओठांवरून ओळखलं. पण शेवटचं पुडिंग असं की आम्ही दोघांनी एकाच चमच्यावरून भांडण केलं. आणि या सगळ्यात महिपत. मासा बघून न बोलता उचलून नेला, त्याऐवजी कोंबडीचं काहीतरी आणलं, गाणं आमच्या कोपऱ्यापुरतं बारीक करवलं. येता-जाता तुकड्यातुकड्यांनी त्याची कहाणी कळली.

तो वरसाव्याचा, पुलाजवळच्या गावातला. भाईंदरच्या एका लंच होममध्ये खांद्यावर फडकं टाकून उमर गेली. कालवणाच्या वाट्या एका हातावर पाच नाचवायचा. मग हा पब निघाला आणि त्याला कॅप्टन म्हणून घेतलं. कॅप्टन म्हणजे वेटरांचा म्होरक्या; ताटं उचलायची नाहीत, पोरांना उचलायला लावायची. नाव मात्र बदललं. ‘महिपत’ म्हटलं की गिऱ्हाइकाला मच्छीबाजार आठवतो, असं मॅनेजरचं मत. ‘आठवू दे की, मासा तरी ताजा वाटंल,’ महिपत म्हणाला आणि स्वतःच हसला.

कोटाला तो लाँड्रीचा हात लागू देत नसे. बायको सुलू घरी इस्त्री करायची. ‘माझ्या शर्टाला कधी केली न्हाय तिनं. कोटाला करते.’

मग त्याने खरी गोष्ट सांगितली. येत्या रविवारी त्याच्या मुलीच्या, दिव्याच्या, होणाऱ्या सासरची माणसं येणार होती. इथेच. मालकाने त्याला एक टेबल दिलं होतं. मुलाच्या बापाने, पंढरीनाथरावांनी, बैठकीत सगळ्यांसमोर विचारलं होतं, ‘कॅप्टन म्हणजे शेवटी वेटरच ना?’ महिपतने त्यांना इथे जेवायचं आमंत्रण दिलं होतं.

‘म्हटलं, तोंडानं कशाला सांगू. येऊन बघा. मी कोटात हुबा हाय, पोरं माझं ऐकतायत, एवढं बघितलं की झालं. पोरीला त्या घरात जन्म काढायचाय, सायेब. पयल्या दिवशी मान खाली नको.’

घरी येऊन मी फोन हातात घेतला. हल्ली जेवण पचायच्या आधी त्यावर मत द्यायचं असतं. उर्मिला म्हणाली, ‘त्या माणसाबद्दल चार चांगले शब्द लिहा. आणि खरं नाव लिहा त्याचं, ते मॅक-बिक नको.’

मी मन लावून लिहिलं. मासा रबरी, बटाटे गार, गोंगाट असह्य, पुडिंग स्वर्गीय. जेवणाला दोन तारे, महिपतला पाच, पण तिथे माणसाला वेगळे तारे देता येत नाहीत, म्हणून सगळ्याला मिळून तीन. मग घंटेची गोष्ट रंगवून सांगितली. घंटा वाजवली मी, अंगावर घेतली महिपतने. असा माणूस लाखात एक, मालकांनी त्याला जपावं. लोकांना फार आवडलं. दुसऱ्या दिवशी हॉटेलचं उत्तरही आलं: ‘आपल्या बहुमोल अभिप्रायाबद्दल आभार. आम्ही नोंद घेतली आहे.’ मी ते उर्मिलाला दोनदा वाचून दाखवलं.

रविवारी संध्याकाळी दिव्यासाठी पेढ्यांचा पुडा घेऊन आम्ही निघालो. आत बसायचं नाही, फक्त महिपतला देऊन यायचं. आणि, खरं सांगायचं तर, माझ्या लिखाणाने त्याचा भाव किती वधारलाय तेही बघायचं होतं.

दारात एक दरवान उभा होता. लाल लांब झगा, सोनेरी गुंड्या, डोक्यावर उंच काळी टोपी. टोपीखालून घाम कानामागे उतरत होता. ‘गुड इव्हिनिंग सर,’ तो म्हणाला आणि त्याने दार उघडलं. मी ‘थँक यू’ म्हणून पुढे सरकलो. उर्मिला जागीच थांबली.

‘अहो, महिपत आहेत,’ ती म्हणाली.

काचेतून आतलं दिसत होतं. कोपऱ्यातल्या टेबलाशी सुलू आणि दिव्या नव्या साड्यांत अवघडून बसल्या होत्या. पलीकडे काळ्या कोटात कुणी दुसराच फिरत होता. कोट त्याला खांद्यात तोकडा होता.

‘हे काय झालं?’ मी विचारलं.

‘तुमी लिवलं ना,’ महिपत म्हणाला. आवाजात राग नव्हता, त्यामुळे जास्त लागलं. ‘मॅनेजर म्हणाला, मॅक खोटं बोलला. घंटेचा धंदा घालवला. आता हितंच हुबा रहा, हितं बोलायचं काम न्हाय. आजचं टेबल मोडलं न्हाय, तेवढे उपकार.’

‘मी आत्ता जाऊन सांगतो त्याला.’

‘नको. ती लोकं येतायत. तुमी जा, सायेब.’

रिक्षा येऊन थांबलीच. पांढऱ्या शर्टातले पंढरीनाथराव उतरले, मागून त्यांच्या मंडळी आणि मुलगा. पंढरीनाथरावांनी झग्याकडे पाहिलं, टोपीकडे पाहिलं, मग टोपीखालच्या तोंडाकडे.

‘काय हो महिपतराव, हे काय सोंग?’

‘दरवान आला न्हाय आज,’ महिपत हसून म्हणाला. ‘म्हटलं, पाव्हणे येतायत, दार आपणच उघडू. कॅप्टनलाच सगळं बघावं लागतं.’

पंढरीनाथराव हसले. मुलगाही हसला. ‘म्हणजे जावयाच्या मानाला कॅप्टन दारात. वा,’ ते म्हणाले. गोष्ट जुळली होती. आणखी चार पावलं, आणि ते आत गेले असते.

मला राहवेना. इतका गुणी माणूस आणि त्याने माझ्यामुळे झगा घालून सारवासारव करावी? मी पुढे झालो.

‘थांबा, मी सांगतो. हे इथले कॅप्टनच आहेत हो, आणि कॅप्टन कसला, सोन्यासारखा माणूस. त्यांना इथे उभं केलंय ते माझ्यामुळे. मला वाचवायला खोटं बोलले, म्हणून मॅनेजरने शिक्षा केली त्यांना. त्यांचा काही दोष नाही.’

उर्मिलाने माझी बाही ओढली. उशीर झाला होता.

पंढरीनाथरावांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू घडी करून ठेवल्यासारखं गेलं. ‘म्हणजे खाली उतरवलंय होय,’ ते म्हणाले. मग बायकोकडे वळून, हलक्या आवाजात, पण सगळ्यांना ऐकू येईल इतक्या हलक्या: ‘आणि आत्तासुद्धा खोटंच सांगत होते.’

मुलगा बुटांकडे बघत राहिला. आत काचेमागे दिव्या उठून उभी राहिली होती. तिला ऐकू काही येत नव्हतं, पण सासऱ्यांनी तिच्याकडे न बघता घड्याळाकडे पाहिलेलं तिला दिसलं.

‘आलोय तर जेवून जाऊ,’ पंढरीनाथराव म्हणाले. महिपतने दार उघडून धरलं. एकेक माणूस त्याच्यासमोरून आत गेला. शेवटी त्याने दार हळूच लावलं आणि टोपी सरळ केली.

पेढ्यांचा पुडा माझ्या हातातच होता. तो पुढे केला, त्याने घेतला नाही.

‘महिपत,’ मी म्हणालो, ‘मी आत जाऊन त्यांना नीट समजावून सांगू का?’

त्याने रस्त्याकडे बघत उत्तर दिलं.

‘सायेब, तुमी माझं भलं करायचं तेवढं बंद करा.’