तारकर्लीतली ओतलेली थाळी

गुरुवारी सकाळी तारकर्लीत एका निवृत्त शिक्षकांचे राहत्या घरी निधन झाले. तासाभरात शेजाऱ्यांनी घरात साठवलेले सगळे पाणी ओतून टाकले. त्यात एका काचेच्या थाळीतला द्रावही गेला. तीच थाळी पाहायला मी शनिवारी निघालो होतो. हे सारे मालवणात उतरल्यावर समजले.

"मास्तर बेस्तरवारी (गुरुवारी) गेले. तरी जातलास?" रिक्षावाल्याने विचारले. मी हो म्हटले. माडांमधून अधूनमधून समुद्र दिसत होता. एक वळण चुकले आणि रिक्षा वाळूत रुतली. दोघांनी ढकलून काढली.

मास्तरांची मुलगी स्नेहल गोव्यातल्या एका प्रयोगशाळेत काम करते. अर्धांगवायूने तिच्या आईचे शब्द गेले, काही आवाज उरले. ते ओळखण्यासाठी तिने घरीच थाळीतले हे यंत्र केले. संगणक शिकतो ते आकड्यांत साठते, त्याची नक्कल निघते. इथे शिकत होता तो पदार्थच: द्रावात विजेच्या सौम्य प्रवाहाने वाढलेले, केसाएवढे काळे धागे. आईचा आवाज विजेच्या रूपात त्यांतून जाई. ओळख बरोबर ठरली की तेवढे धागे आणखी जाड करायचे. आठ महिन्यांत थाळी नऊ आवाज ओळखू लागली होती. "हिचा तोंड थाळीत ठेवला, तरी गप रवणा नाय," असे मास्तर चेष्टेने म्हणत.

आता थाळी पालथी होती. धागे वाळून काचेवरच तुटले होते.

शेजारच्या सुलूकाकी पेज (मऊ, पातळ भात) घेऊन आल्या. मलाही वाटीभर मिळाली, सोबत लोणचे.

"मियांच (मीच) ओतलंय," त्या म्हणाल्या. "मयताच्या घरात भरलेला पाणी ठेवचा नाय. हंडे, कळशे, सगळा ओतलंय. तांय (थाळीतलेही) ओतलंय."

"हात लावू नये म्हणान कागद लावलेलो, काकी," स्नेहल म्हणाली.

"मयताच्या दिसा कागद कोण वाचता गो, चेडवा?"

स्नेहलला हसू आले. काकी रडू लागल्या.

आतल्या खोलीतून आवाज आला. लांब, शेवटी खाली उतरणारा. स्नेहल आत गेली. "पाणी होया? दुखता काय?" आईने मान फिरवली आणि पुन्हा तोच आवाज काढला.

"जुने आवाज ध्वनिमुद्रित आहेत," बाहेर येऊन स्नेहल म्हणाली. "थाळी परत वाढवता येईल, काही महिने लागतील. पण हा त्या नऊतला नाही. गुरुवारपासून ती हा एकच काढते."

नवा आवाज आला की त्याचा अर्थ कोण सांगायचे, असे मी विचारले.

"बाबा."

रविवारी मी परतलो. बुधवारी स्नेहलचा संदेश आला. नव्या थाळीत धागे धरू लागले आहेत. आई अजून तोच आवाज काढते. तो ध्वनिमुद्रित केला आहे. त्याच्यापुढे अर्थ लिहिलेला नाही.