परातीत ठेवायचे पाय

मुलाचं लग्न ठरलं तेव्हा सगळ्यात आधी मी माझ्या पायांकडे पाहिलं. दोन्ही अंगठ्यांची नखं पिवळी, जाडजूड, कडेने भुगा सुटलेला. आमच्याकडे लग्नात मुलीची आई मुलाच्या आईचे पाय परातीत घेऊन दुधापाण्याने धुते, पुसते, कुंकू लावते, आणि मांडवातल्या सगळ्या बायका माना लांब करून बघतात. इतकी वर्षं ही नखं मी साडीच्या काठाखाली निभावून नेली होती.

श्रीवर्धनच्या डॉक्टरीणबाईंनी नख खरवडून तपासायला पाठवलं आणि बुरशी आहे म्हणून सांगितलं. मला मागे कावीळ होऊन गेलेली, यकृताचे रिपोर्ट अजून धड येत नाहीत, त्यामुळे पोटात घ्यायच्या गोळ्या द्यायला त्या तयार नव्हत्या. त्यांनी नखाला लावायचं औषध दिलं. नेलपॉलिशसारखी इवलीशी बाटली. नख घासायचं, स्पिरिटने पुसायचं, आठवड्यातून दोनदा लावायचं.

"किती दिवस?" मी विचारलं.

"दिवस कसले, वर्ष धरा. नवीन नख पूर्ण वाढून यावं लागतं. आणि पाय कोरडे ठेवा."

लग्नाला सात महिने होते. त्यात आमची सुपारीची वाडी. सकाळी पंप लावला की पाटाचं पाणी एकेका झाडाच्या अळ्यात सोडत फिरायचं, घोटाभर चिखलात. वाडीत चपला घालून जायची आमच्या घरात रीत नाही. पाय कोरडे ठेवा म्हणे. मला हसूच आलं.

तरी मी नेमाने लावत राहिले. "आता या वयात कसले गो शौक?" असं आमचे हे विचारायचे. नख घासायला बाटलीसोबत कागदाच्या पट्ट्या होत्या, एकदा वापरून टाकायच्या. त्या मला फुसक्या वाटल्या. मी न्हाणीतली वजरी घेतली, जिने घरातले सगळे टाचा घासतात, आणि चांगलं खसाखसा घासलं. काही महिन्यांनी यांचंही नख पिवळं पडलं. "तुजा शौक मला पन लागला," एवढंच म्हणाले. वजरी फेकून दिली, पण अक्कल उशिरा आली.

सहाव्या महिन्यात नखाच्या मुळाशी गुलाबी कोर दिसली, तांदळाच्या दाण्याएवढी. मी ती दिवसातून दहादा बघायची. लग्नाच्या आदल्या आठवड्यात तीही पिवळी पडली. मी खूप रडले.

मांडवात परात आली, विहीणबाई समोर बसल्या. मी पाय आत ओढले आणि म्हटलं, "राहू दे हो. आपण दोघी बरोबरीच्या. ही रीत आपल्यापासून बंद करू या." आधी कुजबुज झाली, मग कौतुक. अशी सुधारलेली सासू बघितली नाही, असं एक बाई मोठ्याने म्हणाल्या. विहीणबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मी ते सगळं मान खाली घालून घेतलं. फार लाज वाटली.

सून घरी आली. सकाळी आंघोळ झाली की पाया पडायला वाकायची, हात थेट अंगठ्यांकडे. मी झटकन मागे सरायची. "असलं काही करत जाऊ नकोस," मी एकदा जरा कडकच बोलले. आठवडाभराने तिने वाकणं सोडलं.

परवा दुपारी ती आपल्या आईशी फोनवर बोलत होती, दार अर्धं उघडं होतं. "मांडवात त्यांनी तुला पाय धुवू दिले नाहीत ना, ते सुधारलेपण नव्हतं गं. मी त्यांना पसंतच नव्हते. मला तर पायालासुद्धा हात लावू देत नाहीत."

मी दारातच उभी होते. आत जायचं आणि साडी वर करून नखं दाखवायची, एवढंच काम होतं. मी आले तशी मागे फिरले. तिने मला दुष्ट समजावं, हे मला तिने माझी नखं बघण्यापेक्षा सोपं वाटलं.