पाव इंचाची सोय

फर्निचरच्या त्या कारखान्यात ड्रॉइंग काढणाऱ्या बाईंना सगळेच ताई म्हणत, मालकसुद्धा, आणि मालक त्यांच्याहून नऊ वर्षांनी मोठे होते. बावीस वर्षांत ताईंचं एक ड्रॉइंग चुकलेलं नव्हतं, आणि ही गोष्ट त्या कुणाला विसरू देत नसत. वाकड्या कामाला त्यांच्याकडे माफी नव्हती. घरी भिंतीवरचा फोटो जरा कलता दिसला तरी त्या भरल्या ताटावरून उठायच्या. नवरा पाहुण्यांना सांगे, हिनं लग्नाआधी मला सुताराचा गुण्या लावून, काटकोनात आहे का ते तपासलं होतं.

प्रत्येक ड्रॉइंगचे ताई दोन कागद काढत. कपाटाचा सांगाडा यंत्रावर कापला जाई, त्यासाठी मिलिमीटरचा कागद. दारं मात्र कारखान्यातले जुने मिस्त्री हातानं करत आणि मिलिमीटर त्यांच्या गावीही नव्हते. त्यांचा हिशेब इंचाचा आणि सुताचा, एका इंचाचे आठ सूत. आकृती एकच, सॉफ्टवेअरला कोणत्या एककात मापं दाखवायची ते सांगितलं की झालं.

यंदा मिस्त्री कागद हातभर लांब धरून वाचू लागले होते. ताईंनी ते पाहिलं. एककाच्या खालीच आणखी एक रकाना असतो: अपूर्णांक किती बारीक दाखवायचे. तिथे इंचाचा सोळावा भाग होता, ताईंनी गुपचूप पाव केला. बारीक आकड्यांची गर्दी गेली, उरलेले आकडे त्यांनी मोठे केले. त्या वेळच्या कपाटाची सगळी मापं पावाच्या पटीतलीच होती, त्यामुळे बिघडलं काहीच नाही. ते काम संपल्यावर रकाना पूर्ववत करायचा, असं ताईंनी ठरवलं होतं. पण मिस्त्री कागद घेऊन झटकन कामाला लागलेले बघून त्यांना इतकं बरं वाटलं की ते राहूनच गेलं.

मग वाचनालयाचं काम आलं. एका लांब कपाटाला ओळीनं आठ दारं. सात बसली, आठवं बसेना. जागा पाऊण इंच कमी. कडेच्या पट्ट्या लागून दारांना पॉलिशही झालेलं, तासायची सोय नाही. मालकांनी बुधवारी सगळ्यांदेखत सांगून टाकलं की मिस्त्रींची नजर गेली, महिनाअखेरीपर्यंत त्यांनी घासकाम करावं आणि मग घरी आराम करावा. एकतीस वर्षं तिथे काम केलेला माणूस, पण मिस्त्री मान खाली घालून पॉलिश पेपर आणायला गेले. खरं सांगायचं तर ताईंनाही त्यांचाच राग आला होता.

शुक्रवारी ताई नवं ड्रॉइंग काढत होत्या. दाराची रुंदी वाचनालयाच्या दारांइतकीच, तीनशे पंच्याऐंशी मिलिमीटर. इंचाच्या कागदावर ती दिसली सव्वा पंधरा, म्हणजे पंधरा इंच दोन सूत. ताईंचा हात थांबला. खरं माप पंधरा इंच सव्वा सूत. सॉफ्टवेअर खरं माप पोटात ठेवतं आणि सांगितलंय तेवढंच दाखवतं, जवळच्या पाव इंचाला नेऊन. दारामागे पाऊण सूत जास्त. आठ दारांचे सहा सूत. पाऊण इंच.

मिस्त्रींनी कागदावर होतं तेच कापलं होतं. रकाना पूर्ववत करायला दोन क्लिक पुरले असते आणि कुणाला कधीच कळलं नसतं. संध्याकाळी त्यांनी चहा पिताना नवऱ्याला सगळं सांगितलं. तो सरळ माणूस, पण बायकोचा पडलेला चेहरा बघून म्हणाला, कोण बघायला जातंय?

"मी बघतेय ना," ताई म्हणाल्या, आणि कप न संपवताच उठल्या.

शनिवारी सकाळी सगळे हजर असताना त्या दोन्ही कागद घेऊन कारखान्यात उभ्या राहिल्या. रकाना कुठला, तो कधी आणि का बदलला, सगळं सांगितलं. फक्त मिस्त्रींच्या डोळ्यांचं सांगताना अडखळल्या. ते मिस्त्रींनीच पुरं केलं, की हल्ली बारीक दिसत नाही.

मालकांनी दोन्ही कागद शेजारी धरून पाहिले. मग त्यांनी मिस्त्रींना विचारलं, त्याच दिवशी हा कागद का नाही दाखवला?

"मला वाटलं, मीच चुकीचं वाचलं," मिस्त्री म्हणाले. "तुम्ही सगळेच म्हणत होतात."

ताईंना वाटलं, मालक रागावले असते तर बरं झालं असतं. मालकांनी आठही दारं नव्यानं करायला सांगितली, आणि करणार कोण हे विचारायची गरज नसल्यासारखे ते मिस्त्रींकडे बघत राहिले. मिस्त्री जागचे हलेनात.

"आज नाही जमायचं," ते म्हणाले.

ताईंनी घाबरून विचारलं, का?

"परवाच माझी सगळी हत्यारं जावयाला देऊन टाकली." मिस्त्रींनी पॉलिश पेपर खाली ठेवला. "आता ती परत मागायची कशी, तेवढं सांगा."