पाठीवरची अक्षरं

माझ्या पाठीवर ‘बॉडी’ असं लिहिलं होतं. काळ्या मार्करने, मोठ्या अक्षरांत. वॉर्डातल्या सगळ्यांनी ते वाचलं होतं. मला सोडून.

पीपीई किट चढवलं की माणूस ओळखू येत नाही. डोळेसुद्धा चष्म्याच्या वाफेत बुडतात. म्हणून किट घालून झालं की पाठीवर नाव लिहायचं, अशी आमच्याकडे पद्धत पडली होती. त्या सकाळी इन्चार्ज मॅडमनी मार्कर घेतला. शीबाच्या पाठीवर शीबा. डॉक्टरांच्या पाठीवर डॉक्टर आणि पुढे नाव. मग मला म्हणाल्या, “वळ.” मी वळले. मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. मला वाटलं, किट ढगळ आहे म्हणून हसले असतील.

मी स्टाफ नर्स. शिकलेली, मुलाखत देऊन लागलेली. नवी मुंबईतल्या एका हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत. साथ आली आणि मेलेल्या माणसाला पिशवीत बांधायचं काम माझ्याकडे आलं. काम हलकं नाही. गेलेल्या माणसाला नीट बांधणं हेही नर्सिंगच. ते पाळीपाळीने करायचं ठरलं होतं. पण पाळी कायम माझीच. एकदा जेवताना मी विचारलं, तर मॅडम सगळ्यांसमोर म्हणाल्या, “अगं, तुमच्या लोकांना सवय असते. या पोरींना उलट्या होतात.”

तुमच्या लोकांना.

माझे आजोबा मराठवाड्यातल्या गावात मेलेली ढोरं ओढायचे. ओढावीच लागायची. या वाक्यापासून लांब जायचं म्हणून वडिलांनी गाव सोडलं. जुईनगरच्या आमच्या घरात मी वडिलांच्या चळवळीच्या पत्रकांच्या घड्या घालत मोठी झाले. चौकात उभी राहून ती वाटली. त्यातली वाक्यं मला पाढ्यांसारखी पाठ होती. आणि मॅडम तसं म्हणाल्या तेव्हा जेवणाच्या टेबलावर मी मान खाली घालून डबा संपवला.

कारण भीती. तेव्हा सगळ्याचीच वाटायची. लिफ्टच्या बटणाची. स्वतःच्या खोकल्याची. आईला शुगर, म्हणून घरी जात नव्हते, हॉस्टेलवर राहायचे. तिचा फोन वाजला तरी उचलायची भीती. पिशवीची चेन ओढताना वाटायचं, आत मीच आहे आणि बाहेरूनही मीच बंद करतेय. नोकरी गेली तर, ही भीती वेगळीच.

ताणासाठी हॉस्पिटलने फोनवर बोलायला एक बाई नेमल्या होत्या. गोड आवाजात विचारायच्या, “तुम्ही तुमच्या आयुष्याबद्दल समाधानी आहात का? ताण आला की खोल श्वास घ्या.” अहो बाई, श्वास घ्यायचीच तर भीती होती.

तर त्या सकाळी, पाठीवर ते लिहिलेलं घेऊन, मी एका आजींना बांधलं. शेजारच्या बेडवर करावे गावचे एक काका होते. आयुष्यभर खाडीत जाळी टाकलेला माणूस. ते टक लावून बघत होते. माझी पाठ त्यांच्याकडे होती. आजींना नेलं. काकांचा ऑक्सिजनचा मास्क सरकलेला दिसला, म्हणून मी त्यांच्याकडे वळले.

काकांनी मास्क ओढून फेकला. पलंगाचा कठडा धरून मागे सरकायला लागले.

“मी जिता हाय! जिता हाय गो! मना नको बांधू!”

“काका, मी नर्स आहे. मास्क लावा.”

“तुज्या पाटीवर लिवलंय. मी वाचलंय. तू मेलेल्यांची हाय.”

मॉनिटर कोकलायला लागला. ओठ निळे पडत होते आणि मी एक पाऊल पुढे टाकलं की ते आणखी मागे. शीबा धावत आली. मला ढकलून म्हणाली, “तू मागे जा. तुला बघून घाबरतात ते.”

“मला?”

“तुझ्या पाठीवर मॅडमने बॉडी लिहिलं ना. सगळे हसले सकाळी.” मग खालच्या आवाजात म्हणाली, “मी पण काही बोलली नाही.”

शीबाने काकांना कसाबसा मास्क लावला. अपमान माझा होता तोवर मी गिळत आले होते. आता एक जिवंत माणूस श्वास सोडून माझ्यापासून पळत होता.

मी नर्सिंग टेबलावरचा मार्कर उचलला. स्वतःच्या छातीवर लिहिलं. माझं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. अक्षरं वाकडी आली. येऊ देत. शीबाने पाठीवरच्या ‘बॉडी’वर चिकटपट्ट्या मारल्या. मॅडम पलीकडच्या खाटेपाशी होत्या. मी समोर जाऊन उभी राहिले.

“अगं, गंमत गं,” त्या म्हणाल्या. “एवढ्या टेन्शनमध्ये जरा हसायला नको?”

“काका नाही हसले, मॅडम.”

“मग काय करू म्हणतेस?”

“पुढची पिशवी बांधताना तुम्ही बरोबर या. मग शीबा. मग बाकीच्या. मी एकटी बांधणार नाही.”

“नोकरी नकोय का तुला?”

“हवी आहे,” मी म्हणाले. “नर्सची.”

मग काकांसमोर गेले. छातीवर बोट ठेवलं. त्यांनी सावकाश वाचलं. “नर्स हाय?” “नर्स.” पुन्हा सरकलेला मास्क त्यांनी मला नीट लावू दिला.

तरी काका वाचले नाहीत. माझ्याच ड्युटीवर गेले. मी मॅडमना हाक मारली. त्या आल्या. पायाकडची बाजू धरली. त्यांचे हात थरथरत होते. माझेही. सवय कोणालाच नसते.

त्या महिन्यातच मला इमर्जन्सीतून काढून दुसरीकडे टाकलं. कारण सांगितलं नाही. मी विचारलं, लेखी विचारलं, अजून विचारतेय.

पुन्हा साथ आली तर मी पुन्हा घाबरेन. पण नाव मी छातीवर लिहीन, स्वतःच्या हाताने, आडनावासकट. आणि पिशवीचं दुसरं टोक कोण धरणार, हे भर वॉर्डात विचारीन. कोणीतरी पुढे येईपर्यंत तिथून हलणार नाही.